विरजण

हल्लीं संगणक ही घरांतली एक तयार वस्तु झाली आहे. झांकण उघडावें, बटण दाबावें आणि कामाला लागावें. आंत काय चाललें आहे हें पाहण्याचें आपल्याला प्रयोजन नसतें. गिरणीचें पीठ खाणाऱ्यानें जात्याची चौकशी कां करावी? असें असतां पन्नाशी उलटलेल्या एका प्राध्यापकानें आपल्या चांगल्या चालत्या संगणकावर 'जेंटू' नांवाची लिनक्स प्रणाली स्वतः उभारण्याचा बेत करावा, याला घरचीं माणसें हौस म्हणतात, शेजारी विक्षिप्तपणा म्हणतात. या धंद्यांत असलेला माझा एक जुना विद्यार्थी तेवढा स्पष्ट बोलला : "सर, वेग वाढला तरी तो तुमच्या लक्षांतही येणार नाहीं, वेळ मात्र भरपूर जाईल."

त्याचें म्हणणें खरें आहे. बहुतेक लिनक्स प्रणाली आपल्याला दळून दिलेल्याच मिळतात. प्रोग्राम मूळ लिहिला जातो तो माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत. कंपायलर नांवाचा दुसरा प्रोग्राम त्याचें यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. इतर ठिकाणीं हें दळण कोणीतरी आधींच उरकून ठेवतें. जेंटूची मूळ कल्पना अशी कीं, तें ज्यानें त्यानें आपल्या यंत्रावर, आपल्या गरजेप्रमाणें करून घ्यावें. डॅनिअल रॉबिन्स यानें काढलेल्या या प्रणालीची १.० ही आवृत्ति २००२ सालीं निघाली. नांव एका पेंग्विन पक्ष्याचें आहे. पाण्यांत सर्वांत चपळ पेंग्विन अशी त्याची ख्याति.

गेला महिनाभर मी केवळ तयारींत आहें. जेंटूच्या हँडबुकाचें पारायण चाललें आहे. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, वायफायचा भाग कोणत्या जातीचा, याची यादी वहींत उतरली आहे. पुढें 'यूज फ्लॅग' नांवाचे प्रश्न उभे राहतात. छपाईची सोय हवी कीं नको? ब्लूटूथ हवें कीं नको? शब्दामागें वजाची खूण केली कीं, शक्य तेथें तेथें तो विषय प्रणालींतून वगळला जातो. बाजारांतली प्रत्येक वस्तु आपल्याला काय हवें तें विचारते. काय नको, हें विचारणारी विरळाच. ब्लूटूथ वजा केलें तेव्हां मनाला काय बरें वाटलें! छपाई मात्र ठेवली. निबंध कागदावर उतरल्याशिवाय तपासण्याची संवय मला अजून लागलेली नाहीं.

परंतु या तयारींत एक पायरी अशी आहे कीं, तिच्यापाशीं विनोद थांबतो. डिस्कचे नव्यानें भाग पाडावे लागतात, आणि त्या वेळीं जुनें सारें पुसलें जातें. त्या डिस्कवर माझीं पंचवीस वर्षांचीं टिपणें आहेत, आणि वडिलांच्या पत्रांच्या प्रती आहेत. मूळ पत्रें एका पावसाळ्यांत भिजून गेलीं. मीं दोन निरनिराळ्या डिस्कांवर नकला केल्या, आणि तेवढ्यावर न थांबतां एकेक उघडून पाहिली. कारण न उघडलेली नक्कल ही न मोजतां घेतलेल्या पैशासारखी असते. पत्र उघडलें म्हणजे वाचणें आलेंच. पुसलीं जाण्याच्या भीतीनें कां होईना, किती वर्षांनीं तीं पुन्हां वाचलीं! चालतें यंत्र तसेंच चालूं दिलें असतें, तर हा योग कधीं आला असता कोण जाणे.

आतां, सारें स्वतः घडवावयाचें म्हटलें तरी आरंभ कोठून करावयाचा? कंपायलर हाही प्रोग्रामच. तो घडवावयास आधीं दुसरा कंपायलर लागतो. म्हणून हँडबुक सांगतें कीं, प्रथम 'स्टेज थ्री' नांवाचें एक तयार गांठोडें आणून उलगडा. त्यांत दुसऱ्यांनीं सिद्ध केलेला कंपायलर असतो, आणि पुढचें सर्व त्याच्या हातून होतें. विरजणावांचून दहीं लागत नाहीं! हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स १९९१ सालीं लिनक्स लिहूं लागला, तोही टॅनेनबॉम यांच्या मिनिक्सवर बसून आणि स्टॉलमन यांच्या जीसीसी कंपायलरच्या आधारानें. त्याचेंही विरजण शेजारचेंच होतें.

आणि विरजणच नासकें असलें तर? केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, कंपायलरमध्यें असें विष दडवितां येतें, कीं मूळ मजकूर अक्षरशः तपासला तरी त्याचा मागमूस लागत नाहीं, आणि त्या कंपायलरनें घडविलेल्या नव्या कंपायलरांतही तें उतरतें. म्हणजे सर्वस्वीं स्वावलंबन येथेंही नाहीं. शिवाय डिसेंबर २०२३ पासून खुद्द जेंटूनेंच दळलेलें पीठही मोठ्या प्रमाणावर देऊं केलें आहे.

मग हा खटाटोप कशासाठीं? माझ्यापुरतें उत्तर एवढेंच : विश्वास तर ठेवावाच लागतो, पण तो कोणावर, किती आणि कोठपर्यंत ठेवला आहे, हें डोळ्यांनीं पाहून ठेवलेला विश्वास निराळा, आणि झांकण उघडण्याच्या आळसांतून ठेवलेला निराळा. शेजाऱ्याकडून आणलेलें विरजण त्याच्या नांवानें ओळखावें, इतकी माझी इच्छा.

दिवाळीच्या सुटींत प्रत्यक्ष कामाला हात घालीन. ब्राउझरसारखा मोठा प्रोग्राम घडावयास तासचे तास लागतात. यंत्र रात्रभर चालेल. विरजण लावलें कीं भांडें हलवूं नये, असा माझ्या आईचा नियम होता. तेवढा धीर माझ्या अंगीं आहे कीं नाहीं, तें त्या रात्रीं कळेल.