मचाणाचा पट्टा

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीनं हरणाची शिकार करण्याचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तो उघडतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. तयारी मात्र सप्टेंबरपासून चालते, आणि इतकी वर्षं ती पाहून नि करून माझं मत पक्कं झालं आहे की आपण वेळ चुकीच्या ठिकाणी घालवतो. सगळा जीव रायफलीत अडकलेला असतो. नळी पुसून लख्ख होते, काडतुसांवर तासन्‌तास चर्चा होते. झाडाला गेल्या वर्षीपासून बांधून ठेवलेल्या मचाणाकडे शेवटच्या शनिवारी एक नजर टाकली की झालं. मला वाटतं हे उलटं असायला हवं. रायफलीला हवा तेवढा वेळ द्यावाच, पण मचाणाला त्याहून जास्त द्यावा.

रायफलीची हयगय करा असं मी म्हणत नाही. हरणाच्या खांद्यामागे हृदय आणि फुफ्फुसं असतात ती जागा जेमतेम आठ इंचांची. गोळी तिथून ढळली तर जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झाडोऱ्यात तडफडून मरतं. हे पाप टाळायचं तर नेम आधी तपासायलाच हवा. स्कोपच्या कड्यांचे स्क्रू घट्ट आहेत का पाहावं. हंगामात जी काडतुसं वापरायची त्यांच्याच पेटीतल्या तीन गोळ्या 100 यार्डांवर झाडाव्यात, नळी निवू द्यावी आणि मग पुन्हा तीन झाडाव्यात. बहुतेक स्कोपचा एक टिचका त्या अंतरावर पाव इंच सरकवतो, त्यामुळे दोन इंचांची चूक आठ टिचक्यांत निघते. तेल लावलेल्या स्वच्छ नळीतली पहिली गोळी बरेचदा वेगळीकडे जाते, म्हणून शेवटच्या सफाईनंतर दोन गोळ्या झाडून मगच रायफल ठेवून द्यावी. घट्ट तेल कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि बोल्ट जड चालतो, तेव्हा तेल अगदी पुसट हवं. एवढं केलं की रायफलीचं काम संपतं. ही सगळी एका दुपारची गोष्ट आहे, आणि चूक झाली असेल तर समोरचा कागद ती लगेच दाखवतो.

मचाणाची चूक दाखवणारा असा कागद नसतो. पंधरा-वीस फुटांवरची ती लोखंडी बैठक नायलॉनच्या पट्ट्यांवर तोललेली असते, आणि हे पट्टे वर्षभर ऊन, पाऊस, बर्फ खात झाडावरच असतात. जवळ जाऊन बोटांनी चाचपल्याशिवाय त्यांची अवस्था कळत नाही. उन्हाच्या बाजूला रंग उडून धागा खरखरीत झालेला असतो. कडेला खारीनं कुरतडलेलं असतं, आणि रॅचेटच्या दातांत गंज धरलेला असतो. त्यात झाडही वाढत असतं. खोड जाड होतं तसा पट्टा सालीत रुततो आणि ताणला जातो, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला तो पूर्वीपेक्षा घट्टच वाटतो. ही घट्ट दिसणारी बांधणीच सर्वांत फसवी असते. लोखंडी दोरावर प्लास्टिकचं आवरण असेल तर आतला गंज दिसतही नाही. अशा मचाणावर माणूस चढतो तो नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारात, जाड बूट आणि चार थरांचे कपडे घालून, बर्फाळलेल्या शिडीवरून. वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या जवळ असतो.

बंदुकीचा धोका या राज्यानं कसा आटोक्यात आणला ते पाहिलं की माझा मुद्दा स्पष्ट होतो. 1967 मध्ये शिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला ते पूर्ण केल्याशिवाय साधारणपणे परवाना मिळत नाही. भडक नारिंगी कपड्यांची सक्ती आली. नळी कुठे रोखायची, चापावर बोट केव्हा ठेवायचं, हे नियम मुलांना पाठ असतात. गोळी लागून होणारे अपघात त्यामुळे खूप कमी झाले. झाडावरून पडणं मात्र राहिलं, कारण तुमच्या मचाणाचा पट्टा तपासायला कोणीही येत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी वर चढणाऱ्याची आहे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: इतकी वर्षं बसतोय, काही झालं नाही. पण काल टिकलेला पट्टा आजही टिकेल याचा तो पुरावा नाही. त्यानं आणखी एक वर्ष ऊन खाल्लं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. दुसरा आक्षेप हार्नेसचा, म्हणजे पडताना धरून ठेवणाऱ्या अंगपट्ट्याचा. तो काचतो, कपड्यांवर अडतो, आणि वर गेल्यावर घालतोच की, असं म्हणतात. माणसं बसल्या जागेवरून क्वचित पडतात; बहुतेकदा पडतात ती चढता-उतरताना, शिडीवरून बैठकीवर पाय टाकण्याच्या क्षणी. म्हणून बुंध्यापासून बैठकीच्या वरपर्यंत दोर सोडावा, त्यावर प्रुसिक गाठ (मोकळी सरकणारी, पण ओढ बसताच आवळणारी) ठेवावी आणि जमिनीवर असतानाच हार्नेस तिला अडकवावा. रायफल रिकामी करून नंतर दोरानं वर ओढावी. हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलं तर रक्त पायांत साकळतं आणि तेही जिवावर बेततं, त्यामुळे पाय टेकवायचा जादा पट्टा हाताशी हवा.

तिसरा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो: मग जमिनीवरच का बसू नये? वयस्कर माणसानं जमिनीवरच बसावं, असं माझंही मत आहे. पण सपाट शेतांच्या मुलखात उंचीवरून झाडलेली गोळी खाली, मातीत जाते. जमिनीवरून झाडलेली चुकली तर ती कुठे थांबेल सांगता येत नाही. मचाणामुळे आजूबाजूची माणसं सुरक्षित राहतात. धोका असतो तो वर बसणाऱ्याला, आणि तो त्याच्याच हातांनी कमी करता येतो. महाराष्ट्रात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मचाणावर रायफल उरली नाही, आणि ते योग्यच झालं. पण बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला बसणारे निसर्गप्रेमी तशाच उंचीवर जागतात. बांबू आणि सुंभाला हीच तपासणी लागू आहे.

पट्टे बदलायचे तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बदलावेत, पानं गळायच्या आत, म्हणजे माणसाच्या वावराचा वास विरायला अवधी मिळतो. जुना पट्टा शेडमध्ये टांगून ठेवू नये. तो सुरीनं मधोमध कापून टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षी घाईत कोणी तो पुन्हा झाडाला बांधणार नाही.