प्रार्थनेला माणसं हवीत

दिवाळी झाली की रामाकोन्यात संध्याकाळी माणूस सापडत नाही. कापसाची वेचणी आणि संत्र्याची तोड एकदमच येते. दिवसभर राबलेला माणूस जेवून आडवा होतो. नेमकी तीच आमच्या सामुदायिक प्रार्थनेची वेळ.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून ही प्रार्थना गावोगावी नेली. आमचा भाग मध्यप्रदेशात असला तरी 'जयगुरू' म्हणत भेटणारी माणसं इथं आहेत. बाया-माणसं, सगळ्या जातींची, सारखी रांगेत बसतात. पण त्याआधी कुणीतरी आवार झाडलेलं असतं, सतरंज्या अंथरलेल्या असतात, अधिष्ठानाला फुलं वाहून दिवा लावलेला असतो. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं. ते जाळावर लांबून शेकायचं, मधे मधे बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा; जास्त शेकलं तर कातडं तडकतं. या कामांना पगार नाही, आणि ती कुणी केली हे रांगेत बसणाऱ्याला कळतही नाही.

'सेवेकऱ्यांनी पुढं यावं' असं भोंग्यावरून आम्ही कितीदा तरी सांगितलं. नवं कुणी आलं नाही. मग गल्लीतल्या एका पोराच्या घरीच गेलो. म्हटलं, "बाबू, गुरुवारची खंजिरी तूच शेकायची." पोरगा लगेच तयार झाला. त्याची आई म्हणाली, "भाऊ, वेचणीत त्याले येनं होनार नाही, आताच सांगून ठेवते." मी म्हटलं, "नका पाठवू. संक्रांतीनंतर पाठवा." ही मोकळीक फार महत्त्वाची आहे. पूर्वी माणूस दोन गुरुवार चुकला की लाजेनं तोंड चुकवायचा आणि कायमचा तुटायचा.

मध्यप्रदेशातल्या लुथरन चर्चचं मुख्यालय छिंदवाड्याला आहे. स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून ते वाढलं. तिथं संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एक बाई बसमध्ये भेटल्या. त्यांचीही अडचण आमचीच. त्या म्हणाल्या, "आम्ही शिक्षकांना जून ते नाताळ एवढंच मागतो. नाताळ झाला की आभार मानून मोकळं करतो. पुढं यायचं का, ते त्यांनीच सांगायचं. बरेचजण परत येतात."

मला ते पटलं. आता आमची एक पाळी गुरुपौर्णिमेपासून महाराजांच्या पुण्यतिथीपर्यंत असते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. आमच्याकडे त्याच दिवशी खंजिरी, सतरंज्या आणि किल्ली पुढच्या हातात जाते. जो मोकळा झाला त्याच्या घरी जाऊन आम्ही नारळ देतो.

वेचणीच्या दिवसांतली पाळी अजून म्हाताऱ्या माणसांवरच आहे. ज्यांच्या घरी कापूस नाही, दुकान किंवा नोकरी आहे, त्यांनी या दिवसांतला एक गुरुवार द्यावा. काम कोणतं, ते आम्ही घरी येऊन सांगू.