कुंभारणीचं घर आणि आमचा गिझर

नागपूरकर माणूस कूलरच्या बाबतीत फार शिस्तीचा. मार्च संपत आला की प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी कूलर अंगणात येतात. टाक्या घासल्या जातात, खसच्या नव्या ताट्या बसतात, पंप पाण्यात बुडवून तपासला जातो. गिझरचं मात्र असं काही नाही. तो बिचारा फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत बाथरूमच्या भिंतीवर मुकाट टांगलेला असतो. पहिली थंडी पडली की आपण त्याचे सेल बदलतो, नळ सोडतो. 'फट्' आवाज, ज्योत पेटली, झालं!

मित्रांनो, हा लेख त्या 'झालं!' बद्दल आहे.

आमचा गिझर गॅसचा. बाथरूममध्येच बसवलेला. त्याच्या डोक्यावरून एक पाइप भिंतीतून बाहेर काढलेला, जळालेला वायू जायला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सफाईत त्या पाइपच्या तोंडात मला मातीचा एक गोळा सापडला. कुंभारणीचं घर! ही बारीक कंबरेची माशी चिखलाच्या गोळ्या आणून कोठ्या बांधते. प्रत्येक कोठीत डंख मारून लुळे केलेले कोळी भरते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. वारा-पावसापासून आडोसा आणि तयार भोक, एवढं तिला पुरतं. आमचा पाइप म्हणजे तिच्यासाठी फर्निश्ड फ्लॅट.

मी तेव्हा सेकंड इयर मेकॅनिकलला होतो, म्हणजे ज्ञान बेताचं आणि आत्मविश्वास भरपूर. गोळा फोडून टाकला आणि खिडकीची उरलेली मच्छरजाळी पाइपच्या तोंडावर बाइंडिंग वायरनं आवळून बसवली. बाबा म्हणाले, "चला, फी वसूल व्हायला लागली!" तो हिवाळा छान गेला.

मागच्या डिसेंबरात थंडी जोराची पडली. आंघोळ करून आली की आईचं डोकं दुखायचं. "पित्त झालं असेल," असं म्हणून तिनं दोन दिवस आल्याचा रस घेतला. दुसऱ्या दिवशी मी आत गेलो तेव्हा गिझरच्या काचेतून ज्योत दिसली. नेहमीची निळी नव्हती, पिवळी आणि लांब होती. मी पाहिली, आणि सबमिशनचा विचार करत आंघोळ उरकली. 'अपूर्ण ज्वलनाची लक्षणे लिहा' हा प्रश्न मी परीक्षेत सोडवलेला आहे. पूर्ण मार्कांसकट.

तिसऱ्या दिवशी मग पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, "आई!" उत्तर नाही. आत पाणी नुसतं वाहत होतं. बाबांनी दोन धक्क्यांत कडी उखडली. आई भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धवट उघडे. तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणलं. शेजारच्या काकू तिचे तळवे चोळत होत्या. काही मिनिटांनी ती म्हणाली, "काय झालं रे? दूध उतू गेलं का?" त्या वाक्यानं बाबा खालीच बसले. पुढचे काही तास ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते आपल्या पुस्तकातलंच होतं. गॅस जळायला हवा लागते आणि जळालेला वायू बाहेरही जावा लागतो. वाट तुंबली की तो खोलीतच साचतो, ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण पित्तावर ढकलतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शिडी लावून वर चढला. "नळी त पूर्ण चोक आहे ना भाऊ. ही जाळी कोनं लावली?"

"मी."

"इंजिनिअरिंगले आहे ना तुम्ही?"

टोमणा नव्हता तो, साधी चौकशी होती. तरी लागायची ती लागलीच. जाळीच्या आतून काजळी, बाहेरून उन्हाळ्यातली धूळ आणि कोळिष्टकं, आणि त्या सगळ्यावर कुंभारणीच्या पाच-सहा कोठ्या. पाइपच्या आत जायला मिळालं नाही, तर तिनं माझ्या जाळीलाच भिंत मानलं! जाळी नसती तर दिवाळीत मी पाइपात डोकावलो असतो. जाळी होती म्हणून डोकावलो नाही.

मग मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. जाळीचं छिद्र १.२ मि.मी. आणि तार ०.३ मि.मी. धरली, तर मोकळी जागा (१.२ ÷ १.५) चा वर्ग, म्हणजे ६४ टक्के. नव्या कोऱ्या जाळीनंच ३६ टक्के वाट अडवली होती! छिद्रं मोठी घ्यावीत तर किडा आत जातो, बारीक घ्यावीत तर धूर अडतो.

विमानवाल्यांनाही हा किडा चुकलेला नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून उडालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. वेग मोजणारी पिटो नळी तुंबली होती, आणि ती कुंभारणीच्याच जातीच्या माशीनं तुंबवली असावी असा तपास करणाऱ्यांचा दाट संशय होता. विमान उभं असताना या नळ्यांवर टोप्या घालतात, लांब लाल पट्टी लावून, म्हणजे उडण्याआधी ती डोळ्यांत भरावी. जाळी नाही, टोपी! बंद असताना पूर्ण झाकायचं, चालू करताना पूर्ण उघडायचं.

आम्ही तेच केलं. गिझर बाथरूमबाहेर, मागच्या उघड्या गॅलरीत नेला. आईनं जुन्या पडद्याची खोळ शिवली, लाल काठाची. पण खोळ काढायची राहिली आणि तसाच गिझर पेटवला तर? म्हणून खोळीला आतून एक खिसा आहे. हिवाळा संपला की सिलिंडरचा रेग्युलेटर काढून त्या खिशात ठेवायचा. खोळ काढल्याशिवाय रेग्युलेटर हाती येत नाही आणि रेग्युलेटरशिवाय गिझर पेटत नाही. आपण याला इंटरलॉक म्हणतो. आई 'खिसा' म्हणते.

आपल्याकडे कीटक-भृंग न्याय सांगतात. भुंगा अळीला कोठीत कोंडतो आणि त्याचा ध्यास घेऊन अळीच भुंगा होते. मिस्त्रीनं फोडलेल्या कोठीत मी पाहिलं, कोळी शिदोरीसारखे रचलेले होते आणि मधे एक पांढुरकी अळी. भुंगा होणारी ती अळी माशीचंच पोर असते, आणि जे कोंडलं जातं ते तिचं जेवण. मला त्या माशीचा भयंकर राग आला होता. आई पलंगावरून म्हणाली, "तिला काय माहीत, ते धुराडं आहे म्हणून. तिनं लेकरासाठी घर बांधलं. पाहायचं काम आपलं होतं."

यंदा नोव्हेंबरात खोळ आईनंच काढली. बर्नर झटकला, ज्योत निळी आहे हे वाकून पाहिलं, मग मला बोलावून दाखवलं. गिझरपासून हातभर अंतरावर, गॅलरीच्या कोपऱ्यात मातीचा एक ताजा गोळा होता. तो आम्ही तसाच राहू दिला.

तुमच्या घरी गॅसचा गिझर असेल, तर आज घरी गेल्यावर तो आधी बाथरूमबाहेर काढायचा विषय काढा. त्याच्या पाइपात टॉर्च मारून पाहा. आणि ज्योतीचा रंग बघा. हा प्रश्न परीक्षेत ऑप्शनला टाकता येतो, घरी नाही.