घर पाहावं हलवून!

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तिसरं एक घालायला हवं, मैत्रिणींनो: घर पाहावं हलवून! मोठ्या शहरातून लहान शहरात जायचं म्हटलं की सगळेजण सांगतात, 'मजा आहे बाई तुमची, तिकडं मोठं घर मिळेल, स्वस्ताई असेल.' घर मिळतं, नाही असं नाही. पण कुठलं घर आपलं आणि कुठलं नव्हे, हे कळायला पायपीट करावी लागते. तुमच्यापैकी कुणाची कोल्हापूरला जायची वेळ आलीच, तर आमची पायपीट उपयोगी पडावी म्हणून हे लिहिते.

२०२२ साली यजमानांना शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत, चांगली जागा मिळाली. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला अंबाबाई, चपला आणि तांबडा रस्सा आठवतो. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर हजारो घरं चालतात. आम्ही डोंबिवलीकर. माझी तिथल्या खाजगी शाळेतली चौदा वर्षांची नोकरी सुटणार होती. नवऱ्याने नोकरी बदलली तर तिला बढती म्हणतात, आपण सोडली तर कुणी काहीच म्हणत नाही. मी मनाशी ठरवलं होतं, घर घ्यायचं ते बाहेरची खोली वेगळी असलेलंच. शिकवण्या घेईन, पण हात जोडून बसायची नाही.

आता गावाची ठेवण सांगते. जुनं कोल्हापूर म्हणजे पेठा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ. इथे घराला घर लागून, तालमी आणि मंडळं गल्लोगल्ली, अंबाबाईचं देऊळ आणि महाद्वार रोडचा बाजार चालत्या अंतरावर. माणसांची ऊब हवी असेल तर पेठेसारखी जागा नाही, मात्र गाडी लावायला जागा नाही आणि गणपतीत झोप नाही. शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी ही व्यापारी पेठ, गुळाच्या बाजारासाठी नावाजलेली. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे परक्या माणसाला पत्ता सापडतो. दुकानं, दवाखाने, शिकवण्या सगळं तिथे आहे, म्हणून भाडीही चढी. ताराबाई पार्क, नागाळा पार्क ही ऐसपैस बंगल्यांची वस्ती. आणि कळंबा, पाचगावच्या बाजूला नव्या इमारती. तिथे त्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते, पण रोज शिरोली गाठायची तर सगळं गाव ओलांडून जावं लागतं.

घरमालकिणी गप्पिष्ट. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठनं आलाईसा?" दुसरा, माणसं किती? तिसरा मात्र मला नवा होता. डोंबिवलीत 'नॉनव्हेज चालणार नाही हं' असं बजावतात, इथे एका मावशींनी काळजीने विचारलं, "मटण खातायसा न्हवं? न्हाई, शेजारी वास जातोय, तुमास्नी तरास हुईल." मी हसले. सगळीकडे हसण्यासारखं नव्हतं. आडनाव विचारून, मान डोलवून, 'कळवतो' म्हणणारे इथेही भेटले. ज्या राजाने १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्या गावात हे ऐकताना वाईट वाटलं, ते लपवत नाही.

दलालाने चौथ्या दिवशी एक घर दाखवलं आणि मी हरखूनच गेले. नदीच्या बाजूला, तळमजला, पुढे ओटी, ओटीला स्वतंत्र दार, मागे परस, परसात पेरू आणि कढीपत्ता. भाडं बाकीच्यांपेक्षा कमी. शिकवणीला दहा मुलं आरामात बसतील अशी ती ओटी बघून मी मनातल्या मनात सतरंजीसुद्धा अंथरली! यजमान म्हणाले, "आजच विसार देऊन टाकू."

पण आपल्या बायकांची नजर भिंतीवर जातेच. छातीपर्यंतचा रंग ताजा आणि वरचा जुना. विजेचं मीटर माझा हातही पोचणार नाही इतकं वर. स्वयंपाकघरातल्या खालच्या फडताळांची लाकडं फुगलेली. मी दलालाला विचारलं, तर म्हणे, जुनी घरं अशीच असतात. मग मी सरळ शेजारच्या दारात गेले. एक आजीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी उठून आपल्या चौकटीवरची दोन बोटं दाखवली. "ह्यी एकोणीसची खूण, आनि ह्यी एकवीसची. लेकरांस्नी घिऊन माळ्यावर बसलो, मग नावंतनं काडलं आमास्नी."

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. तिथली इशारा पातळी एकोणचाळीस फूट आणि धोका पातळी त्रेचाळीस. २०१९ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. म्हणजे पाणी चढलं तर यजमान कारखान्याकडे अडकणार आणि मी मुलीला घेऊन इकडे. त्या ओटीचा मोह सोडताना जिवावर आलं खरं. दलाल दोन दिवस आमच्याशी धड बोलला नाही.

तेव्हा कोल्हापुरात, किंवा सांगलीतही, घर बघाल तर दलालाला विचारू नका, शेजारणीला विचारा. 'पूर येतो का?' असं विचारलं तर 'नाही हो' असं उत्तर मिळतं. 'एकवीसला तुम्ही कुठे होता?' असं विचारा. आणि पुराच्या गावातली एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: पूर आला की नळ कोरडे पडतात! नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्यात जातात, मग उंचावरच्या वस्तीलाही टँकरची वाट बघावी लागते. म्हणून इमारतीला बोअर आहे का, टाकी केवढी आहे, हे आधी बघा, टाइल्सचा रंग मागाहून. आम्ही शेवटी टाकाळ्याच्या चढावर तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. दोनच खोल्या आणि एक लांबट गॅलरी. गॅलरी मालकांच्या परवानगीने बंद करून घेतली आणि तिथे माझ्या शिकवण्या सुरू झाल्या. एका वेळी सहाच मुलं बसतात, म्हणून दोन तुकड्या घेते.

कागदाचं थोडक्यात सांगते. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदवायला कशाला हवा?' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. अनामत किती दिली आणि ती कधी परत मिळणार, हे त्यात आकड्यांनी लिहून घ्या. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला देऊन तिथलं व्हाउचर घेतल्याशिवाय गाव सोडू नका. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले सामानाच्या टेंपोत नव्हे, आपल्या पर्समध्ये ठेवा. आणि हलायचं तर मे महिन्यात हला. जूनमध्ये शाळा सुरू आणि पाऊसही सुरू, गाद्या भिजतात.

सुरुवातीला करमत नव्हतं. लोकल नाही, धावपळ नाही, दुपारी दुकानं मिटलेली. पण गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात, तो मुलीने पहिल्यांदा नाक मुरडून आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीवाल्या आता मला 'शिकवनीच्या बाई' म्हणतात आणि कोथिंबीर वर घालतात. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोलीला वाहतात, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बायकांबरोबर मीही टेंबलाईची टेकडी चढते. वरून सगळं गाव दिसतं आणि नदीही. जुलैत पाऊस लागून राहिला की आमच्या जिन्यात एकच चौकशी असते, "आज किती फूट?" आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की मी पिंप भरून ठेवते आणि त्या आजीबाईंना फोन करते. गेल्या खेपेला म्हणाल्या, "अजून लांब हाय पानी. आलं तर तुज्याकडंच येतो."

'येते' नव्हे, 'येतो'. इथल्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलतात. माझी लेक आता शाळेतून आल्यावर दप्तर टाकते आणि ओरडते, "आई, मी आलो!" व्याकरण शिकवणारी बाई मी, पण तिला टोकायचं मी सोडून दिलंय.