वाचणारा बदलला की...

लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. रात्री पॅकेजेस अपडेट करावीत, सकाळी लॉगिन करावं आणि समोर यावं, 'सोर्स: नॉट फाउंड'. तक्रार ज्या फाइलबद्दल असते ती 'डॉट प्रोफाइल' आपण कित्येक वर्षांत उघडलेलीही नसते. मग पहिला निष्कर्ष निघतो की अपडेटने वाट लावली. आणि दुसरा, की यापुढे अपडेटच नको!

पहिला निष्कर्ष अर्धाच खरा आहे आणि दुसरा चक्क धोक्याचा, असं मला वाटतं.

2006 च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू 6.10 आलं तेव्हाची गोष्ट घ्या. तोवर तिथे 'एसएच' हे नाव प्रत्यक्षात बॅशकडे बोट दाखवत होतं. या आवृत्तीपासून ते डॅशकडे दाखवू लागलं. कारण साधं होतं. मशीन सुरू होताना छोट्या छोट्या स्क्रिप्ट्सची रांग चालते, आणि डॅश बॅशपेक्षा हलकी, चपळ. पण ती पोसिक्सच्या प्रमाणभाषेला धरून राहते. बॅशच्या बोलीतले दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, 'सोर्स' हा शब्द, यातलं काही तिला कळत नाही. वर 'एसएच' अशी पाटी आणि आत बॅशची बोली, अशा कितीतरी स्क्रिप्ट्स एका रात्रीत अडल्या. डेबियनने हाच बदल 2011 मध्ये, 6.0 आवृत्तीत केला. तेव्हा लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं बिनतक्रार चाललेली गोष्ट मुळातच चुकीची होती, हे कोणाला ऐकायला आवडेल?

खरी गंमत पुढे आहे. टर्मिनल उघडून तीच फाइल चालवली तर एकही चूक दिसत नाही! कारण तिथे ती बॅश वाचते. चित्रमय लॉगिनच्या वेळी मात्र डेबियन-उबुंटूवर तीच फाइल अनेकदा 'एसएच', म्हणजे डॅश वाचते. फाइल एक, वाचणारे दोन. आजोबांच्या पेटीतला मोडीतला कागद नातवाला लागत नाही म्हणून कागद चुकीचा ठरत नाही, तसंच हे. म्हणून 'कुठली ओळ चुकली?' याच्या आधी 'ही फाइल वाचतंय कोण?' हा प्रश्न विचारावा. तास दोन तास वाचतात.

उत्तर मिळालं की काम किरकोळ असतं. चालू असलेलं एक टर्मिनल तसंच उघडं ठेवावं, म्हणजे काही बिघडलंच तर परतीची वाट राहते. फाइल डॅशकडूनच 'वजा एक्स' लावून चालवावी, म्हणजे ती ओळीओळीने बोलते. 'चेकबॅशिझम्स' नावाचं एक साधन अशा बोलीतल्या ओळी शोधून देतं. मग 'सोर्स'च्या जागी नुसतं एक टिंब. साध्या तुलनेत दुहेरी कंसांच्या जागी एकेरी, आणि दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह. बस्स.

याउलट मुकी चूक जास्त छळते. एखादं साधन घरच्या फोल्डरात 'डॉट बॅश प्रोफाइल' ही फाइल बनवून ठेवतं. ती सापडली की लॉगिनची बॅश 'डॉट प्रोफाइल'कडे ढुंकूनही बघत नाही. चुकीचा संदेश नाही, काही नाही. फक्त आपल्या सेटिंग्ज गायब!

आता तो दुसरा निष्कर्ष. 24 सप्टेंबर 2014 ला 'शेलशॉक' जगासमोर आला. बॅशमधलं हे भगदाड 1989 पासून, म्हणजे पंचवीस वर्षं तिथेच होतं. ज्या यंत्रांवर 'एसएच' म्हणजे डॅश होती, तिथे हल्ल्याच्या बऱ्याच वाटा आपोआप बंद होत्या. ज्या बदलाने लोकांच्या स्क्रिप्ट्स मोडल्या, त्यानेच आठ वर्षांनी त्यांना थोडी ढाल दिली. उरलेली भोकं बुजवली ती बॅशच्या अपडेट्सनी. आणि अपडेट बंद करून बसलेल्यांपर्यंत ती पोचलीच नाहीत.

तेव्हा राग येऊ द्यावा, तो रास्तच असतो. अपडेट मात्र चालू ठेवावं.