पाडा म्हणणं सोपं होतं

दगडमातीचं माळवदाचं घर पाडा आणि सिमेंटचं बांधा, असं मी किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी वर्षं सांगत आले. वर्गात सांगितलं, गावच्या बैठकांत सांगितलं, नात्यातल्या लोकांना तर भांडून सांगितलं. आता मी तसं सांगत नाही. मत हळूहळू पालटत गेलं, आणि ते का पालटलं हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण ज्यांना मी तो सल्ला दिला, त्यांतले बरेचजण अजून त्याच घरांत राहतात.

आधीचं मत काही हवेतून आलेलं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, विसर्जनाहून दमूनभागून आलेली माणसं घरात गाढ झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव... पुढं ५२ गावं मुळातून उचलून नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं आजोळ लोहाऱ्याकडचं. ढिगारा उपसताना हाताला लागायचे ते दगड आणि माती, पुन्हा दगड आणि माती. त्या दिवसांनंतर दोष कुणाचा हे आम्हाला कुणी सांगायची गरज उरली नाही. भिंत ज्यांच्या अंगावर आली होती, त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी दगडाची धास्तीच घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढतील, पण दगडी घरात पाठ टेकणार नाहीत, असे लोक मी पाहिले.

शिवाय माझ्या मनावर धरणीच्या ताकदीचं दडपण होतं. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे सरकतं आणि तिबेटच्या बाजूला रेटत राहतं. हा रेटा हिमालयातच संपत नाही, दख्खनच्या पोटातल्या जुन्या भेगांवरही तो ताण साठवत जातो. किल्लारीला नंतर खोल विंधन घेतलं तेव्हा काळ्या बेसाल्टचा थर ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली कितीतरी जुना खडक. तिथलीच एक जुनी भेग, जमिनीपासून फार खोल नसलेली, त्या पहाटे सुटली. भूकंपाच्या सरकारी नकाशावर हा सगळा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९६७ साली कोयनेला मोठा धक्का बसलेला होता, पण त्याचा संबंध धरणाशी लावला गेला आणि बाकीच्या दख्खननं तो आपला मानला नाही. २००२ च्या नकाशातून पहिला विभाग पार काढून टाकला गेला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. इतकी मोठी शक्ती आणि तीही कुठं, कधी सुटेल याचा पत्ता नाही. तिच्यापुढं मातीत रचलेले दगड काय टिकणार? सिमेंट आणि लोखंड हेच उत्तर, असं मला वाटे.

या वाटण्याला पहिला तडा गेला तो एका आकड्यानं. किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. सहा ते सात तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी शंभराच्या वर होतात. पुष्कळसे समुद्रात, काही वस्तीत, आणि वस्तीतल्याही बहुतेकांत दहा हजार माणसं जात नाहीत. म्हणजे किल्लारीला जे झालं त्याचा हिशोब एकट्या धरणीच्या नावावर मांडून चालणार नव्हता. दगडाच्या नावावर तो मांडता येतो का, हे मग भिंतीत शिरूनच बघायला लागलं.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे घरदुरुस्तीची थोडी कामं आली. अर्धवट पडलेली घरं बघत हिंडायचं. तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची आणि मी ती पुन्हा पुन्हा बाजूला सारायची. भिंती बाहेर ओतल्यासारख्या कोसळलेल्या, आणि मधोमध लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर माळवद, सगळं जागच्या जागी उभं. आमच्याकडे घर खणांत मोजतात, चार खणांचं, सहा खणांचं. खण म्हणजे चार खांबांवर तोललेला छपराचा तुकडा. जिथं छताचा भार खांबांवर होता आणि सांधे कुजलेले नव्हते, तिथं कितीतरी ठिकाणी खण चौकटीसारखा तगला होता. माणसं दगावली ती बहुतेक भिंतीखाली.

मग भिंत का पडली? पडक्या भिंतीचा उभा छेद बघितला की कळतं. भिंत दोन फूट जाड, कुठं चार फूटही. पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक पापुद्रा, आतून दुसरा, आणि मध्ये कपच्या, मुरूम, माती यांची भर. दोन्ही पापुद्र्यांना एकमेकांशी बांधणारं काहीच नाही. धक्का बसला की ही भर, धान्याचं पोतं हलवल्यावर दाणे बसावेत तशी, खाली बसते आणि बसता बसता दोन्ही बाजूंना रेटते. भिंतीला पोट येतं. पोट आलं की वरचा भार तिरका होतो आणि मग बाहेरचा पापुद्रा बाहेर, आतला पापुद्रा आत, झोपलेल्या माणसांवर. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा आमच्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा होता. प्रत्यक्षात जितकी जाडी वाढेल तितकी आतली भर वाढते.

या पापुद्र्यांना बांधायचा उपाय काही नवा नव्हता. भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड, अभियंते ज्याला थ्रू स्टोन म्हणतात, ठरावीक अंतरावर घालायचा. भारतीय मानक १३८२८ हे १९९३ सालचंच. त्यात सांगितलंय की दर दोन फूट उंचीला, आडव्या अंगानं चार फुटांच्या आत, असा एक दगड असावा आणि भिंतीची जाडी दीड फुटावर जाऊ नये. रुरकीचे प्रा. आनंद आर्य यांनी अशा घरांसाठी आयुष्यभर जे काम केलं, त्यात हा दगड ठायी ठायी येतो. एका म्हाताऱ्या गवंड्यानं मला सांगितलं, ‘बाई, आमचे वडील वाड्याच्या भिंतीत घालायचे असले दगड. पुढं घडाईची मजुरी कोण देणार?’ मग ते दगड गेले, आणि भिंत बाहेरून तशीच दिसत राहिली.

उभ्या भिंतीतही तो घालता येतो. हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं आहे. हातोडा मारायचा नाही. बारीक पहारीनं एक दगड हळूच सैल करून काढायचा, आतली भर हातानं उकरायची, पलीकडचा दगड तसाच सोडवायचा. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवायचं. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट ठासायचं आणि दहा दिवस पाणी मारायचं. कोपऱ्यांना जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा, दरवाज्यांच्या वरून घरभर फिरणारा पट्टा, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके आधार. गावातला गवंडी हे सगळं एका दिवसात शिकतो.

आणि छतावरची माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही आमची रीत. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे जवळपास पाच टन. दोन फूट असेल तर दहा. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्याच वजनातून तयार होतो. जमीन हलते, आणि जितकं वजन जास्त तितका तडाखा मोठा. धरणीची शक्ती आपल्या हातात नाही. पण तिला आपल्या डोक्यावर किती वजन हलवायला द्यायचं, हे पुष्कळसं आपल्या हातात असतं. ही एक गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, आणि तरी मी कुणाला ‘माती उतरवा’ म्हटलं नाही. ‘पाडा’ म्हणत राहिले.

सिमेंटवरचा आंधळा विश्वास २६ जानेवारी २००१ ला गेला. भूकंपाचं केंद्र भुजजवळ, आणि अहमदाबादेत, दोनशे किलोमीटरहून लांब, चांगल्या चकचकीत आरसीसी इमारती बसल्या. खाली गाड्यांसाठी मोकळा मजला, वर भरगच्च मजले. धक्क्यात सगळा ताण खालच्या खांबांवर आला आणि ते मोडले. खांबातल्या उभ्या सळ्यांना ज्या रिंगा बांधतात, त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवायची असतात. ती नुसती काटकोनात दुमडली तर धक्क्यात रिंग उघडते. आमच्या शहरात आजही मी बांधकामावर डोकावते तेव्हा अनेक ठिकाणी रिंग काटकोनात दुमडलेली असते आणि तळमजला दुकानांसाठी मोकळा. कच्छमधल्या ‘भुंगा’ नावाच्या मातीच्या गोल घरांपैकी कितीतरी त्याच भूकंपात उभी राहिली, हेही तेव्हाच वाचलं.

पण मला सर्वांत जास्त हलवलं ते आमच्या भागातल्या दुरुस्तीच्या योजनेनं. जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावं वसवण्यापलीकडे दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण व्हायचं होतं. लोकांनी बहुतेक ठिकाणी त्या पैशात जुनं घर बळकट न करता शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. मी तेव्हा त्यांची पाठ थोपटली होती. आज त्या गावांतून जाते तेव्हा दिसतं, नव्या खोलीत दूरदर्शन संच आणि धान्याच्या कोठ्या, आणि वैशाखात घरातली म्हातारी आणि लेकरं झोपतात त्या जुन्या माळवदाखाली. तिथं गारवा असतो. भिंत तीच, पोट आलेली, छतावर माती पूर्वीहून जास्त. ‘पाडा’ हा सल्ला ज्याच्याकडे नवं बांधायचे पूर्ण पैसे होते त्याच्यासाठी होता. ज्याच्याकडे नव्हते, त्याला मी काहीच दिलं नाही.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांत मला कुणी धरू नये. काळ्या मातीत पाया फिरलेला असेल, खांब बुडाशी कुजला असेल, तर ते घर पाडायलाच हवं. बळकट केलेल्या घरालाही तडे जातील. भिंत कोसळायच्या आत माणसं बाहेर पडतील, एवढीच त्यातून अपेक्षा. आणि ज्यांची माणसं त्या दगडांखाली गेली, त्यांना मी काही पटवायला जात नाही. माझी मावशी त्या पहाटेपासून दगडी घरात झोपलेली नाही. तिच्यापुढं हा विषयही मी काढत नाही.

मात्र हिंगोली, नांदेड, परभणीकडे आता वरचेवर जमीन हलते आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा धक्का बसला, जुलैत पुन्हा तेवढाच. मार्चमध्ये नांदेडच्या प्रशासनानं लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाका असं आवाहन केलं. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. त्यात पाडायला सांगितलेलं नव्हतं, पैसे लागणार नव्हते, आणि त्याच संध्याकाळी करता येण्याजोगं होतं.

वसमतजवळच्या एका गावातून मावसभावाचा फोन आला, तिथं त्याच्या सासरचं माळवदाचं घर आहे. ‘ताई, काय करू, पाडू का?’ मी त्याला कामाचा क्रम सांगितला. आधी छतावरची माती उतरव, वीतभर ठेव आणि गळतीसाठी वर प्लास्टिक अंथरून पातळ थर दे. मग भिंतींच्या कडेनं दोरी लावून कुठं कुठं पोट आलंय ते बघ, तिथं कुणाचं अंथरूण घालू देऊ नकोस. खांबांच्या बुडाशी सुरी टोचून लाकूड तपास. आरपार दगडांचं काम सुगी झाल्यावर, गवंडी मोकळा असेल तेव्हा. माती उतरवायला त्यानं दोन गडी लावले आहेत. दोरी धरायला मी येत्या रविवारी जाणार आहे.