पुसलेली भिंत

शुक्रवारी संध्याकाळी माझं मॉड्यूल बंद झालं. चार वर्षं लिहिलेला, रात्री-अपरात्री उठून सांभाळलेला कोड. नवी सिस्टीम आली, जुना सर्व्हर बंद! वर टीमने केक आणला आणि तो माझ्याच हाताने कापून घेतला. चेहरा पाडूनच घरी आले.

शनिवारी चहा पिता पिता नलिनी मालानींबद्दल वाचत बसले. बार्सिलोनाच्या जुआन मिरो फाउंडेशनने समकालीन कलावंतांसाठी २००७ मध्ये 'जुआन मिरो प्राइझ' सुरू केलं. पहिले मानकरी ओलाफर एलियासन. २०१९ साली ते मालानींना मिळालं, ७०,००० युरो आणि तिथे प्रदर्शन. तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या. जन्म कराचीचा, फाळणीत घर सुटलं, शिक्षण आपल्या मुंबईच्या जेजेमध्ये.

पण मी अडकले ते १९९२ पाशी. मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली आणि प्रदर्शन संपताच ती पुसली. विकायला काही नाही, जपायला काही नाही! कारण? नाथद्वाऱ्यातली जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती. तिकडे लक्ष जावं म्हणून.

आता माझा कोड म्हणजे काही कला नव्हे, हे मलाही कळतं. पण गंमत बघा. माझी ओळ न् ओळ रिपॉझिटरीत सुखरूप आहे आणि ती कुणीही उघडणार नाही. ती भिंत गेली, तरी तीस वर्षांनंतर मी तिच्याबद्दल लिहितेय. टिकणं आणि उरणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात का?

शाळेत असताना इंटरमिजिएटला मला 'ए' ग्रेड होती. मग बारावी, सीईटी, इंजिनिअरिंग... चित्रकला तिथेच सुटली. न राहवून आईला फोन लावला. "माझी तेव्हाची चित्रं आहेत का गं?"

"ती केव्हाच रद्दीत गेली. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून ठेवलंय हो!"

मिरो प्राइझचं माहीत नाही, पण आमच्या घरी बक्षीस उरलं आणि चित्र गेलं.

असो. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल आणि खोडरबर घेऊन आले. आधी खोडरबर मागितलं.